वरूडचे जानराव पाटील

१

लिफाफा हातात घेताच मैना तायडेंना कळले, की आत नोटा नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर मंडळाचे अध्यक्ष स्टेजवर देतात तसाच तो होता. पांढरा, वर एक रुपयाचे नाणे चिकटवलेला. भीमगीते गाणाऱ्या मैनाताईंचे अर्धे आयुष्य असे लिफाफे घेण्यात गेले होते. बिदागी ठरल्याइतकी आहे की कमी, हे त्या नुसत्या बोटांनी दाबून सांगत. हा लिफाफा मात्र अकोल्यातल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत कुणीतरी दाराखालून सरकवला होता. आत नखाएवढे मेमरी कार्ड होते, आणि लिफाफ्यावर स्केचपेनने सुट्या सुट्या अक्षरांत एक ओळ लिहिली होती: 'रिटर्न भरशीन तर हे इन्कम टॅक्सच्या हापिसात जाईन.'

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या एसटीने अमरावतीला आल्या.

कर सल्लागार सत्यवती खारोडे यांचे ऑफिस राजापेठेत, एका गणिताच्या क्लासच्या वर आहे. जिन्यात पोरांच्या चपला असतात, त्यांतून वाट काढत वर जावे लागते. रसवंतीवाले, ब्यूटी पार्लरवाल्या, संत्र्याचे दलाल, म्हणजे रोखीत कमावणारी माणसे त्यांच्याकडे येतात आणि बहुतेक सगळी पहिल्या भेटीत खोटे बोलतात. म्हणून समोरच्याचे पहिले उत्तर लिहून घ्यायचे नाही, अशी सत्यवतीबाईंची सवय आहे.

त्यांनी कार्ड कॉम्प्युटरला लावले. चित्र नव्हते, फक्त आवाज. पेटीचा लांबवलेला सूर आणि त्यावर माइकमधून एका पुरुषाचा खणखणीत आवाज: "डॉक्टर वाकोडे साहेब यांच्याकडून एकशे एक रुपये. रमाई महिला मंडळाकडून दोनशे एक रुपये. धन्यवाद, जय भीम." एका कार्यक्रमाची नावे संपली की दुसऱ्याची सुरू होत. गाणे कुठेच नव्हते. वर्षभरात प्रेक्षकांनी स्टेजवर आणून दिलेली बक्षिसे एकामागोमाग एक जोडली होती.

"हा आवाज कुणाचा?"

"आमचा संघपाल. निवेदन बी थोच करते अन् ढोलकी बी थोच वाजवते. पेटीवर देवरावदादा. पार्टी म्हणजे आमी तिघंच."

सत्यवतीबाईंनी क्लिप पुन्हा सुरू केली आणि कोणती नावे कोणत्या कार्यक्रमातली, ते मैनाताईंना विचारून घेतले. "विचित्र आहे. हे तारखेप्रमाणे लावलेलं नाही. एप्रिलचा कार्यक्रम, मग मोझरीकडचा थंडीतला, मग पुन्हा एप्रिल. मोठ्या रकमा आधी, असंही नाही. कुणी हिशोब मांडला तर काहीतरी क्रम असतो."

मैनाताई डोळे मिटून ऐकत होत्या. "कानाले कुठी खटकत नाई," त्या हळूच म्हणाल्या.

"म्हणजे?"

"काई नाई."

त्यांनी काहीतरी गिळले, हे सत्यवतीबाईंनी पाहिले. पहिले उत्तर त्यांनी लिहून घेतले नाही.

२

मैनाताईंना घर बांधायचे होते. नवरा गेल्यापासून त्या भाड्याने राहत होत्या आणि प्रत्येक मालकाचे एकच म्हणणे असे: पेटी-ढोलकी घरात नको. तालीम कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये, नाहीतर विहाराच्या ओट्यावर. अकोल्याच्या बाहेर एक लहानसा प्लॉट त्यांनी पाहून ठेवला होता. बँकेच्या साहेबांनी सांगितले, कर्ज मिळेल, पण रिटर्न दाखवा. प्लॉटवाला जुलैअखेरपर्यंत थांबायला तयार होता, त्यापुढे नाही.

सगळी कमाई रोखीची. बिदागी त्यांना कार्यक्रमागणिक तोंडपाठ होती. बक्षिसे किती झाली ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हते, कारण ती त्याच रात्री गाडीभाड्यात आणि जेवणात जायची. रिटर्न तिथेच अडले होते.

"रिटर्न भरताय हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"बँकेच्या साहेबाले. तुमाले. अन् रविवारी तालमीत मी तुमी देलेले व्हाउचर त्या दोघाईपुढे ठेवले. म्हणलं, वर्षभरात मी तुमाले जे देलं, त्याच्यावर सही करा."

"केली?"

"संघपाल म्हणे, पाहू. दादा म्हणे, चष्मा नाई आणला."

"आणि लिफाफा?"

"बुधवारी."

सत्यवतीबाईंनी लिफाफा उजेडात धरला. "एक गोष्ट समजून घ्या, मैनाताई. बिदागी आणि बक्षिसं सगळी धरली, त्यातून साथीदारांचे, गाडीचे, साउंडचे पैसे वजा केले, तर तुमच्यावर कर बसणारच नाही. रिटर्न भरायचं ते कागद व्हावा म्हणून. इन्कम टॅक्सवाल्यांना ही क्लिप मिळाली तरी ते फार तर विचारतील, आणि आपण दाखवू."

"मंग हा भेव काहून दाखवून राह्यला?"

"तेच. त्याने पैसे मागितलेले नाहीत. उलट वर एक रुपया चिकटवून दिला आहे. त्याला तुमचा कर नको, पैसा नको. तुम्ही रिटर्न भरू नये, एवढंच हवं आहे."

मैनाताईंनी पदर सावरला. "श्यामच असन. सगळं शूटिंग त्याचं हाय."

हे त्या इतक्या घाईने म्हणाल्या, की सत्यवतीबाईंना त्यांचाच संशय आला.

३

श्याम ढवळे बडनेरा रोडवर राहतो. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर, दोन दिवे आणि एक कुलर आहे. गावोगावच्या भीमगीतांचे कार्यक्रम चित्रित करून तो आपल्या यूट्यूब चॅनलवर टाकतो. मैनाताईंचे यंदाचे सगळे कार्यक्रम त्याच्या चॅनलवर आहेत.

"मॅडम, मी काहून कापून पाठवू?" तो म्हणाला. "माह्या चॅनलवर सगळं उघडंच हाय. मोबाइल असन थो कोणीबी घेऊ शकते."

"तू त्यांना किती देतोस?"

"काईच नाई." तो जरा अडखळला. "म्हणजे त्यांचंबी नाव होते ना."

"त्यांनी रिटर्न भरलं, कागद झाले, तर उद्या त्या तुझ्याकडेही हिस्सा मागतील, असं वाटलं नाही?"

"मागू द्या. त्यांचं गाणं चालते म्हणून माह्यं चॅनल चालते. त्या नाराज झाल्या तर मी काय जावळाचे शूटिंग करू?"

उत्तर बरोबर होते. बरोबर उत्तरे लवकर येतात तेव्हा सत्यवतीबाई सावध होतात. त्या उठल्या, तसा श्यामच मागून जिन्यापर्यंत आला.

"मॅडम, तुमच्याकडे संत्र्यावाले येतात म्हणे. वरूडचे जानराव पाटील ओळखीचे हायेत काय?"

"कोण जानराव?"

"बागायतदार हायेत मोठे. मैनाताईच्या कार्यक्रमात पहिली नोट त्याईचीच राह्यते. पाचशेची. अकोला असो, मोझरी असो, कुठीबी असो. नोट दुसऱ्याच कोणाच्या हातून येते अन् माहा कॅमेरा स्टेजवर, म्हणून माणूस काई दिसला नाई. पण एवढा दिलदार माणूस चॅनलले जाहिरात देईन ना? जरा शब्द टाका."

ऑफिसात परत आल्यावर सत्यवतीबाईंनी आधी श्यामच्या चॅनलवरचे दोन-तीन कार्यक्रम पाहिले. श्याम खरे बोलला होता. प्रत्येक वेळी पहिले नाव तेच: 'वरूडचे संत्रा बागायतदार जानराव पाटील यांच्याकडून पाचशे रुपये.' मग त्यांनी क्लिप लावली आणि पेन हातात घेऊन शेवटपर्यंत ऐकली.

जानराव त्यात नव्हते. एकदाही नाही.

मैनाताईंची कमाई उघडी पाडायला ज्याने ही क्लिप केली, त्याने सगळ्यात मोठा देणगीदारच वगळला होता. स्वतःचे नाव लपवायचे असेल तरच माणूस असे करतो. त्यांनी वरूडच्या एका संत्रा व्यापाऱ्याला फोन लावला. तो त्यांचा जुना अशील.

"जानराव भेटतीन मॅडम, पाटीलबी भेटतीन," तो म्हणाला. "पण गावोगाव जाऊन पाचशेच्या नोटा वाटणारा? असा माणूस आमच्या वरूडात असता, तर मी पहिले त्याच्याकडून उधारीवर बगीचा घेतला असता. असा कोणी नाई."

४

संघपाल सिरसाट अकोल्याच्या एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. त्याने सत्यवतीबाईंना कार्यालयात येऊ दिले नाही. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर नेले आणि तिथेही कार्यालयाच्या दाराकडे तोंड करून बसला.

"इथी कार्यक्रमाचं जोरानं बोलू नका, मॅडम."

"का?"

"मी ढोलकी वाजवतो हे साहेबाले माहीत हाय. पैसे घेतो हे कागदावर नाई पायजे. सरकारी नोकरी हाय."

"म्हणून सही केली नाही."

"अन् करणार बी नाई." त्याने बशी खाली ठेवली. "लिफाफ्याचं सांगितलं ताईनं मले. तुमी माह्याकडेच येसान, हे माहीत होतं."

असे सरळ बोलणारा माणूस एकतर निर्दोष असतो, नाहीतर फार हुशार. संघपाल माइकवरचा माणूस होता. आपला आवाज कधी कसा लागतो, हे त्याला नेमके कळत होते. सत्यवतीबाईंनी विषय बदलला.

"वरूडचे जानराव पाटील कोण?"

संघपाल इतका हसला, की टपरीवाल्याने वळून पाहिले.

"तुमी बी फसल्या? अहो मॅडम, जानराव कोणीच नाई. जानराव म्हणजे माह्यं तोंड अन् दादाची नोट. देवरावदादाच्या पेटीच्या खणात एक पाचशेची नोट राह्यते. कार्यक्रम सुरू झाला का दादा थे हळूच पब्लिकमधल्या कोणाच्या हातात देतात. थो वर आणून देते अन् मी जानरावचं नाव पुकारतो. पाटलानं पाचशे देले म्हणल्यावर आपले लोक मागं राह्यतीन काय? कार्यक्रम संपला का नोट परत पेटीत. आमच्यात तर विचारतातच, जानराव आला काय? म्हणजे सुरू करायचं काय."

"म्हणजे ती कमाईच नाही."

"आपलीच नोट आपल्याले. कमाई कायची?"

सत्यवतीबाईंनी वहीतले जानरावचे नाव खोडले. "क्लिपमध्ये एक कार्यक्रम वरूडचाही आहे. तिथं काय केलं?"

"थेच तर." संघपाल पुन्हा हसला. "वरूडले आमी यंदा पहिल्यांदाच गेलतो. तिथी वरूडचे जानराव म्हणलं असतं, तर पब्लिकनं विचारलं असतं, कोणता रे जानराव? ताईनं पर्समधून नोट काढून एका बाईच्या हाती देली, थे बाई स्टेजपाशी आली, अन् तवा माह्या डोक्यात उजेड पडला. ऐन टायमावर मी म्हणलं, अकोटचे पंजाबराव पाटील! ताई गाता गाता हसली. श्यामच्या व्हिडिओत दिसते पाहा."

बसस्टँडवर येईपर्यंत सत्यवतीबाईंच्या मनात हिशोब जुळत आला होता. श्याम जानरावला खरा समजत होता. त्याने किंवा बाहेरच्या कुणीही क्लिप केली असती, तर जानराव सगळ्यांत आधी आले असते. म्हणजे कात्री पार्टीतल्याच माणसाची. आणि पार्टीत सही न करण्याचे सबळ कारण असलेला माणूस आत्ताच त्यांच्यासमोर बसून हसत होता.

बाकावर बसून त्यांनी कानाला इअरफोन लावले आणि वरूडचा तुकडा शोधला.

'अकोटचे संत्रा बागायतदार पंजाबराव पाटील यांच्याकडून पाचशे रुपये.'

जानराव वगळले होते. पंजाबराव होते. सत्यवतीबाईंनी अमरावतीची गाडी सोडून दिली आणि रिक्षा केली.

५

देवराव इंगळे यांच्या घराच्या पुढच्या खोलीत एके काळी कॅसेटचे दुकान होते. रॅक अजून भिंतीला आहेत, त्यांत आता धान्याचे डबे असतात. एका कोपऱ्यात चादरीने झाकलेली पेटी होती. देवरावदादांनी चष्मा काढून पाणावलेला उजवा डोळा पुसला आणि पाहुण्या बाईंसाठी स्वतः चहा ठेवला.

"मैना माह्या लहान बहिणीसारखी हाय," ते म्हणाले. "तिचं घर व्हावं, मले काय वाईट वाटते? पण हे कागदाचं काम. कलावंताले कागद नाई मानवत."

"तुम्हाला कुणाचा संशय येतो?"

"मी नाव नाई घेत." मग थोडे थांबून: "सरकारी नोकराले कागदाचं भेव राह्यते. तुमी समजून घ्या."

"डोळ्याला काय झालं?"

"मोतीबिंदू होता. थंडीत काढला. आता टकटक दिसते."

सत्यवतीबाईंनी रॅककडे पाहिले. "दुकान चालायचं?"

देवरावदादांचा चेहरा खुलला. "चालायचं काय विचारता! लोक कोऱ्या कॅसेटी घेऊन याचे, गाणे सांगायचे, मी भरून द्याचो. हे गाणं पहिले, थे मागून, असं सांगायचे लोक. मी नव्हतो ऐकत. मी माह्या पद्धतीनं लावायचो."

"कोणत्या?"

"कानाले खटकणार नाई अशा. आता मोबाइलवर थेच काम फुकट होते." हे बोलून ते एकदम थांबले.

सत्यवतीबाईंनी चहाचा घोट घेतला. हे शब्द त्यांनी याच आठवड्यात आधी ऐकले होते.

"आता घर कशावर चालतं, दादा?"

"वृद्ध कलावंताचं मानधन येते ना सरकारचं. चार ठिकाणी हेलपाटे मारले तवा मंजूर झालं."

"त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो. कमी उत्पन्नाचा."

"लागते," देवरावदादा म्हणाले, आणि दूध उतू जाते का ते पाहायला आत गेले. दूध केव्हाच उतरवून ठेवलेले होते.

बाहेर रस्त्यावर येऊन सत्यवतीबाईंनी मैनाताईंना फोन लावला. "वरूडला तुमच्या साथीला पेटी कुणी वाजवली?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"तिथल्याच भजनी मंडळाच्या माणसानं," मैनाताई म्हणाल्या. "दादाच्या डोळ्याची पट्टी निघाली नव्हती. सूर लागलाच नाई त्या दिवशी." मग आवाज अगदी खाली गेला. "तुमाले कळलं तर."

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"तुमच्या हापिसात. पह्यल्या दिवशीच."

६

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैनाताईंच्या खोलीत चौघे बसले. मालकाने पेटी वाजवायची नाही असे पुन्हा बजावले होते, म्हणून दार लोटून घेतले होते. संघपाल उंबऱ्याजवळ, देवरावदादा खुर्चीत. व्हाउचर सतरंजीवर तसेच कोरे पडले होते.

सत्यवतीबाई उगाच लांबण लावत नाहीत.

"क्लिप करणाऱ्याला जानराव खोटा आहे हे माहीत होतं. बाहेरच्या माणसाला ते माहीत नाही. श्याम तर त्याच्याकडे जाहिरात मागणार होता. म्हणजे तुम्हा तिघांपैकीच कुणीतरी. पण पंजाबराव खोटा आहे हे त्याला माहीत नव्हतं. संघपालने तर ते नाव स्वतः जन्माला घातलं. ताईंनी नोट स्वतः दिली. वरूडला नव्हते ते एकटे देवरावदादा."

"मॅडम, संघपालनं मुद्दाम ठेवला असन पंजाबराव," देवरावदादा म्हणाले. "माह्यावर यावं म्हणून."

"ही शंका मलाही आली होती."

"वा दादा," संघपाल म्हणाला. "पंजाबरावले पाळण्यात घातलं मी अन् फासावर बी मीच जाऊ काय?"

"थांब," मैनाताई म्हणाल्या. त्या देवरावदादांकडे पाहत नव्हत्या. "मॅडम, तुमी विचारलं होतं ना, हे तारखेनं नाई लावलं, पैशानं नाई लावलं, तर कायनं लावलं. सुरानं लावलं हाय. घसा बसलेला असला का मी पेटीच्या काळी तीनमध्ये, खालच्या पट्टीत गातो. बरा असला का काळी चार. लय मोकळा असला तर काळी पाच. क्लिपमध्ये पहिले सगळे काळी तीनचे कार्यक्रम हायेत, मंग चारचे, मंग पाचचे. नावं पुकारतात तवा मागून पेटी धरून ठेवते, थो सूर एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना कुठीच तुटत नाई. मले भेव दाखवायची क्लिप, अन् थेबी बेसूर नाई होऊ देली." त्यांनी मग मान वळवली. "संघपाल ढोलकीवाला हाय, त्याले ठेका कळते. असं लावणारा माणूस अकोल्यात एकच होता. माह्या लग्नाची कॅसेट बी यानंच भरली होती."

देवरावदादांनी चष्मा काढला. उजवा डोळा लाल झाला होता.

"जानराव मी मुद्दाम नाई सोडला," ते म्हणाले. "थो मले ऐकूच नाई आला. इतके वर्षं झाले, मी त्याले बक्षीस समजतच नाई."

"अन् लिफाफा?"

"मानधनाच्या दाखल्यावर मी लिहून देलं का मले दुसरी कमाई नाई. तुह्या कागदावर सही केली का थे खोटं ठरते. मानधन बंद. मागचे पैसेबी मागतीन."

"मंग मले म्हणायचं होतं, दादा."

"म्हणलं असतं, तर तू काहून विचारलं असतं."

"विचारलं असतंच. अन् चहाबी पाजला असता." मैनाताईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "माह्या दाराखालून टाकलं तुमी. वर रुपया चिकटवून. चार रात्री मी झोपली नाई. श्यामचं नाव घेतलं मी मॅडमपाशी, त्या पोराचं. तुमचं घ्याले जीभ रेटली नाई म्हणून."

संघपाल जमिनीकडे पाहत होता.

सत्यवतीबाईंनी पिशवीतून कागद काढला. "मी खोटं व्हाउचर करत नाही आणि करवतही नाही. दादांचं मानधन हा दादांचा प्रश्न आहे, तो त्यांनी त्या कार्यालयात जाऊन सोडवायचा. संघपाल, तू परवानगीचा अर्ज कर, साहेब नाही म्हणाले तर मग बघू."

"म्हणजे पंजाबरावमुळं मीबी अडकलो," संघपाल पुटपुटला.

"रिटर्नचं मात्र अडलेलं सुटलं आहे. वर्षभराची बक्षिसं कुणालाच आठवत नव्हती. दादांनी ती एकेक ऐकून, वेचून, जोडून दिली. याच्याइतका चोख पुरावा मला कुणी दिला नसता." त्यांनी पेन काढून देवरावदादांसमोर धरले. "पंजाबराव तेवढे वजा केले. बाकी सगळं बरोबर आहे."

देवरावदादांनी पेन लगेच घेतले नाही.

"मैना, तू म्हणशीन तर करतो."

"मी नाई म्हणत. करा असंबी नाई, अन् नका करू असंबी नाई. पण खोटा आकडा टाकून मी घर नाई बांधत. त्यात तुमची पेटी कशी वाजन?"

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला, आणि सावकाश पूर्ण नाव लिहिले. चष्मा त्या दिवशी त्यांनी बरोबर आणला होता.

रिटर्न जुलै संपायच्या आत गेले. कर बसला नाही. कर्ज मंजूर झाले. देवरावदादांचे मानधन बंद झाले आणि मागचे पैसे हप्त्याने भरायची चिठ्ठी आली. पेटीवर ते राहिले. तालमीत मैनाताई त्यांच्याशी गाण्यापुरतेच बोलतात, असे संघपालने फोनवर सांगितले.

आश्विन पौर्णिमेला अकोल्यात वर्षावास समाप्तीचा कार्यक्रम होता. रात्री सत्यवतीबाईंचा फोन वाजला. मागे गर्दीचा आवाज होता, पेटीचा सूर लावून धरलेला.

"मॅडम, एक विचारायचं हाय," मैनाताई माइकपासून दूर होऊन बोलत होत्या. "आज जानराव आला नाई. संघपालनं नाव पुकारलं, अकोल्याचे पेटीवादक देवराव इंगळे यांच्याकडून एकावन्न रुपये. आपलाच माणूस हाय. हे कमाईत धराचं काय?"

"नोट पेटीच्या खणातली आहे?"

"नाई. खिशातली."

"परत मागितली?"

थोडा वेळ नुसता सूर ऐकू आला. काळी पाच होती की चार, ते सत्यवतीबाईंना कळले नाही.

"नाई मागितली."

"मग धरा," सत्यवतीबाई म्हणाल्या.